न उघडणारी हार्ड डिस्क : निदान, साध्यासाध्यता आणि चिकित्साक्रम

आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात आज रुग्णपत्रकांच्या गठ्ठ्यांशेजारी तळहाताएवढी एक काळी पेटी ठेवलेली असते. तिला आपण एक्स्टर्नल हार्ड डिस्क म्हणतो. रुग्णांच्या नोंदी, अष्टविध परीक्षणाची टिपणे, त्वचाविकारांची छायाचित्रे, प्रयोगशाळेचे अहवाल, आणि ज्यांची स्वतःची फार्मसी आहे त्यांच्या बॅच-नोंदी, बिले, लेबलांचे नमुने असे सर्व काही त्या पेटीत साठवलेले असते. एक दिवस ती संगणकाला जोडली जाते, तिचा दिवा लागतो आणि उघडत मात्र काहीच नाही. अशा वेळी काय करावे आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काय करू नये हे वैद्यबंधू-भगिनींपुढे मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखक संगणकशास्त्राचा पंडित नव्हे. पैठणला व्यवसाय करणारा एक वैद्य आहे. परंतु हा प्रसंग त्याच्यावर येऊन गेला आहे आणि त्यात त्याच्या हातून एक मोठी चूकही झाली आहे. ती चूक इतरांकडून होऊ नये असे मनापासून वाटते.

प्रसंग

माझ्या वडिलांनी १९६८ पासून २००४ पर्यंत पैठणला रुग्णसेवा केली. त्यांची रुग्णपत्रके पुठ्ठ्याच्या बांधणीच्या वह्यांत असत. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडी धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे गोदावरीला मोठा पूर आला आणि पैठणच्या सखल भागात पाणी शिरले. त्या पाण्यात आमच्या कपाटाचे खालचे दोन खण भिजले. ज्या वह्या वाचल्या, त्या पुढे २०१३ मध्ये पान-पान करून स्कॅन केल्या. सुमारे अकरा हजार पाने झाली. ती सर्व एका हार्ड डिस्कवर ठेवली, आणि ‘आता चिंता मिटली’ असे म्हणून ओल आणि वाळवी लागलेल्या मूळ वह्या टाकून दिल्या. आमच्या लहानशा फार्मसीच्या नोंदीही त्याच डिस्कवर जात राहिल्या. दुसरी प्रत केली नाही. करू, करू म्हणताना दहा वर्षे गेली.

२०२३ च्या पावसाळ्यात एक वृद्ध गृहस्थ मुलासोबत संधिवाताच्या चिकित्सेसाठी आले. पूर्वी वडिलांच्या औषधाने त्यांना गुण आला होता. मुलगा म्हणाला, “डॉक्टरसाहेब, त्या वेळी एका औषधानं बाबांचं अंग फार सुजलं होतं, एवढं आठवतं. औषध कोणतं ते आता त्यांनाही सांगता येत नाही. तुमच्याकडं लिहिलेलं असेल ना?” लिहिलेले होते, याची मलाही खात्री होती. मी डिस्क जोडली. ती फार सावकाश उघडली, आणि त्या वर्षाच्या फोल्डरवर टिचकी मारताच ‘फोल्डर खराब झाले आहे, वाचता येत नाही’ अशा अर्थाची सूचना पडद्यावर आली.

येथेच माझी चूक झाली. निदान न करता मी चिकित्सा आरंभली. विंडोजमधील चेकडिस्क ही दुरुस्तीची आज्ञा मी त्या डिस्कवर चालवली. रात्रभर ती अडखळत चालली, मध्ये वीज गेली, आणि सकाळी डिस्क जोडली तेव्हा संगणक विचारू लागला, ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. फॉरमॅट करायची का?’ शेजारच्या एका होतकरू मुलाने ‘हो’ म्हणण्याचा सल्ला दिला. सुदैवाने तेवढे मात्र मी ऐकले नाही.

संप्राप्ती : आत नेमके काय बिघडते

व्याधी कळल्यावाचून उपचार नको, हा आपला सिद्धांत येथेही तंतोतंत लागू पडतो. म्हणून प्रथम शारीर पाहू. हार्ड डिस्कच्या पेटीत चुंबकीय लेप असलेल्या एक वा अधिक तबकड्या असतात. आपण वापरतो त्या लहान डिस्कमध्ये त्या साधारणतः मिनिटाला ५,४०० वेळा फिरतात. त्यांच्या पृष्ठभागापासून केवळ काही नॅनोमीटर अंतरावरून ‘हेड’ नावाचा सूक्ष्म अवयव तरंगत फिरतो आणि लिहिण्या-वाचण्याचे काम करतो. माणसाच्या केसाची जाडी पाऊण लाख नॅनोमीटरच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे या अंतराची कल्पना येईल. धुळीचा एक कण त्या मार्गात मोठ्या दगडासारखा असतो. तबकड्यांना जोडून एक विद्युत पट्टी असते, आणि बाहेरच्या पेटीत युएसबीचे भाषांतर करणारी दुसरी लहान पट्टी असते. काही डिस्कमध्ये ही दुसरी पट्टी वेगळी नसून पहिलीतच सामावलेली असते.

आता माहितीची रचना पाहू. डिस्कवर ग्रंथ असतो तशीच अनुक्रमणिकाही असते. कोणती फाईल कोणत्या पानावर आहे, हे अनुक्रमणिका सांगते. संगणक आधी ती वाचतो आणि मग पानाकडे जातो. अनुक्रमणिकेचे पान फाटले तर संगणकाच्या दृष्टीने ग्रंथच कोरा ठरतो. म्हणून तो फॉरमॅट करण्याची परवानगी मागतो. प्रत्यक्षात मजकुराची पाने बहुधा जागच्या जागी असतात. ‘उघडत नाही’ म्हणजे ‘नष्ट झाले’ असे नव्हे, हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. अशा बऱ्याच प्रसंगी माहितीचा नाश मूळ व्याधीपेक्षा घाईच्या उपचारानेच अधिक होतो.

रूपे आणि त्यांवरून निदान

डिस्क उघडत नाही एवढ्या एका लक्षणाखाली पाच निरनिराळे व्याधी असू शकतात. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न यांच्या साहाय्याने ते पुष्कळ अंशी वेगळे करता येतात. यात श्रवणाची भर घालावी, कारण डिस्कचा आवाज फार काही सांगतो.

पहिला प्रकार : दिवा लागत नाही, हातात कंपन जाणवत नाही. येथे दोष बहुधा केबल, युएसबीचे छिद्र वा वीजपुरवठा यांत असतो. लहान डिस्क युएसबीतूनच वीज घेते. जुन्या युएसबी २.० छिद्रातून ५०० मिलिअँपिअर, तर ३.० मधून ९०० मिलिअँपिअर प्रवाह मिळणे अपेक्षित असते. हब वा लांब केबल मध्ये आली की तो कमी पडतो. म्हणून दुसरी आखूड केबल घ्यावी, संगणकाच्या मागील बाजूच्या छिद्रात थेट जोडावी आणि दुसऱ्या संगणकावरही पाहावे. मोठ्या डिस्कला स्वतंत्र अडॅप्टर असतो. तो बदलून पाहताना व्होल्टेज तेच असल्याची खात्री करावी.

दुसरा प्रकार : डिस्क फिरते, संगणकाला तिचे अस्तित्व कळते, परंतु ती उघडत नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंट या भागात पाहिले असता तिच्यापुढे कधी अक्षर दिसत नाही, कधी ‘रॉ’ असे लिहिलेले दिसते. केवळ अक्षर गेले असेल तर नवे अक्षर देताच डिस्क उघडते. ‘रॉ’ असेल तर अनुक्रमणिका बिघडली आहे असे समजावे. येथे एक प्रश्न अवश्य विचारावा : ही डिस्क कोणी ॲपलच्या संगणकावर वापरली होती काय? त्या पद्धतीने तयार केलेली डिस्क विंडोजला वाचता येत नाही आणि तेथेही फॉरमॅटची सूचना येते. तेव्हा व्याधी नाहीच, केवळ भाषाभेद आहे.

तिसरा प्रकार : डिस्क उघडते, पण फायली दिसत नाहीत, त्यांच्या जागी शॉर्टकट दिसतात. झेरॉक्सच्या दुकानात वा इतरत्र जोडून आणलेल्या पेनड्राइव्ह व डिस्कवर हा विकार पुष्कळ आढळला आहे. हा आगंतु व्याधी होय. विषाणू मूळ फायली लपवतो आणि खोटे शॉर्टकट पुढे करतो. त्या शॉर्टकटवर टिचकी मारू नये. प्रथम अद्ययावत अँटिव्हायरसने तपासणी करावी, नंतर लपवलेल्या व संरक्षित फायली दाखवण्याची निवड चालू करावी. फायली तेथेच असतात. मात्र फायलींची नावे विचित्र झाली असतील आणि खंडणी मागणारी चिठ्ठी आढळली, तर तो वेगळा आणि दारुण व्याधी आहे. डिस्क तत्काळ विलग करून जाणकाराकडेच जावे.

चौथा प्रकार : डिस्क दिसते, उघडतेही, परंतु फार मंद चालते, अडखळते, मध्येच नाहीशी होते. येथे तबकडीचे काही भाग वाचता येईनासे झालेले असतात. क्रिस्टलडिस्कइन्फो या विनामूल्य साधनाने डिस्कची स्वतःची आरोग्यनोंद वाचता येते. तीत बदललेले सेक्टर, वाचनाच्या प्रतीक्षेतील सेक्टर आणि दुरुस्त न होणारे सेक्टर हे तीन आकडे पाहावेत. ते शून्य असणे हे स्वास्थ्य. वाढत जाणे हे अशुभ लक्षण. माझी डिस्क या गटातील होती. मंदपणा हे पूर्वरूप मला सहा महिने दिसत होते. मी संगणकाला दोष देत राहिलो.

पाचवा प्रकार : जोडताच टक्-टक् असा नियमित आवाज येतो, किंवा घासल्यासारखा आवाज येतो. डिस्क पडल्यानंतर हे विशेष आढळते. येथे हेड निकामी झालेले असते आणि प्रत्येक फेरीबरोबर तबकडीचा लेप खरवडला जाण्याची भीती असते. केबल त्या क्षणी काढावी आणि पुन्हा जोडू नये. ‘एकदाच बघू’ हा मोह येथे घातक ठरतो.

साध्यासाध्यता

केबल, वीज, अक्षर आणि लपलेल्या फायली हे सुखसाध्य. अनुक्रमणिकेचा नाश झाला असून तबकडी निरोगी असेल तर तेही, धीर धरल्यास, साध्यच. सेक्टर खराब होऊ लागले असतील तर कृच्छ्रसाध्य. आरोग्यनोंद बिघडली असूनही जी डिस्क अद्याप उघडते आहे, तिला याप्य समजावे : जोवर चालते तोवर माहिती काढून घ्यावी, तिच्यावर पुन्हा विश्वास टाकू नये. हेड मोडले असेल तर शल्यसाध्य, आणि ते शल्यकर्म आपल्या टेबलावर होणारे नव्हे. तबकडीचा लेपच खरवडला गेला असेल तर तेवढा भाग असाध्य.

फॉरमॅटबद्दलही भेद जाणावा. ‘क्विक’ फॉरमॅट केवळ नवी अनुक्रमणिका लिहितो. मजकूर बहुतांशी मागे राहतो. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत पूर्ण फॉरमॅट मात्र सर्वत्र शून्ये लिहितो. त्यानंतर काहीही मिळत नाही. तसेच तबकडी नसलेल्या एसएसडी प्रकारात पुसलेली माहिती डिस्क स्वतःच पुढे रिकामी करून टाकू शकते, त्यामुळे तेथे आशा आणखी कमी असते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की वाचून सर्व यत्न व्यर्थ जातात. ती की कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी.

चिकित्साक्रम

प्रथम निषेध सांगतो. फॉरमॅटच्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणावे. ‘इनिशियलाइज’ करू का, यालाही ‘नाही’. चेकडिस्क चालवू नये, कारण ती आज्ञा डिस्क सुसंगत करण्यासाठी आहे, फायली वाचवण्यासाठी नव्हे. जे जुळत नाही ते ती तोडते, आणि उरलेले तुकडे निराळ्या नावांनी वेगळ्या फोल्डरमध्ये टाकते. फायली परत मिळवण्याचे साधन त्याच डिस्कवर उतरवू नये आणि मिळालेल्या फायलीही त्याच डिस्कवर ठेवू नयेत. डिस्क शीतकपाटात ठेवण्याचा जुना उपाय अजूनही सांगितला जातो. त्याने तबकडीवर दव जमते आणि हानी वाढते.

माझी डिस्क पुढे छत्रपती संभाजीनगर येथील एका परिचित संगणक-अध्यापकांनी पाहिली. त्यांचा पहिला प्रश्न होता, “या डिस्कवर आतापर्यंत काय काय केलंत?” आपण रुग्णाला ‘पूर्वी कोणते उपचार झाले’ असे विचारतो, तोच हा प्रश्न. उत्तर ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला नाही, एवढाच त्यांचा मोठेपणा.

त्यांनी तीन पायऱ्यांनी काम केले. पहिली पायरी प्रतिकृतीची. मूळ डिस्क तेवढ्याच वा अधिक क्षमतेच्या नव्या डिस्कवर सेक्टरनुसार उतरवून घ्यायची, आणि पुढील सर्व प्रयोग प्रतिकृतीवर करायचे. यासाठी लिनक्सवर चालणारे जीएनयू डीडीरेस्क्यू हे विनामूल्य साधन त्यांनी वापरले. त्याची पद्धत वैद्याला पटेल अशी आहे. ते प्रथम डिस्कचे निरोगी भाग भराभर वाचून घेते. दुखऱ्या भागावर जोर देत बसत नाही. सोपे ते हाती लागल्यावर मग उरलेल्या भागाकडे थोडे थोडे परत जाते, आणि काय वाचले, काय राहिले याची टाचणवही ठेवते. त्यामुळे वीज गेली तरी काम तेथूनच पुढे चालू करता येते. निरोगी डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने वाचली गेली तर एक टेराबाइट तीन तासांच्या आत उतरते. माझ्या डिस्कला दोन दिवस आणि दोन रात्री लागल्या.

दुसरी पायरी अनुक्रमणिकेची. टेस्टडिस्क हे ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचे विनामूल्य साधन हरवलेले विभाग शोधते आणि फोल्डरांची मूळ रचना जेथे शक्य आहे तेथे परत दाखवते. फार्मसीच्या बहुतेक नोंदी येथेच, आपापल्या नावांसह, हाती आल्या.

तिसरी पायरी उरलेल्यांची. त्याच लेखकाचे फोटोरेक हे साधन अनुक्रमणिकेकडे पाहतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाईलचा आरंभ ठरावीक खुणेने होतो; छायाचित्राची खूण वेगळी, पीडीएफची वेगळी. ते साधन सबंध डिस्क चाळून अशा खुणा शोधते आणि तेथून फाईल उचलते. चरकसंहितेचे जे ४१ अध्याय दृढबलाच्या काळी उपलब्ध नव्हते, म्हणजे चिकित्सास्थानातील १७ आणि कल्प व सिद्धी या स्थानांतील प्रत्येकी १२, ते त्याने अनेक तंत्रांतून शिलोञ्छवृत्तीने, कापणीनंतर शेतात उरलेले दाणे वेचावेत तसे, वेचून पूर्ण केले, हे आपण जाणतो. फोटोरेकचे काम त्याच जातीचे आहे. दाणे मिळतात, कणसे मिळत नाहीत. फायलींची नावे आणि फोल्डर जातात, मजकूर राहतो. नावाविना हजारो पाने माझ्यापुढे आली. ती वाचून, वर्ष व नाव ओळखून, पुन्हा लावण्यास आम्हा पती-पत्नीला आणि सहायकाला तीन महिने लागले. अकरा हजारांपैकी अंदाजे नऊ-दशांश पाने मिळाली. जी गेली, त्यांपैकी बरीचशी चेकडिस्क चालवण्यापूर्वी मिळाली असती, असे त्या अध्यापकांचे मत पडले. ते मला मान्य करावे लागले.

शल्यकर्म आणि जलप्लावन

हेड बदलणे हे काम धूळमुक्त कक्षातच होते. त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कचे हेड काढून बसवतात, माहिती उतरवून घेतात आणि डिस्क टाकून देतात. विद्युत पट्टी जळाली असेल तर सारखी दिसणारी पट्टी बसवून भागत नाही. प्रत्येक डिस्कची विशिष्ट जुळणी पट्टीवरील एका चिपमध्ये नोंदलेली असते आणि तीही हलवावी लागते. म्हणून जो दुकानदार ग्राहकासमोर पेचकस घेऊन डिस्कचे झाकण उघडतो, त्याच्या हाती ती देऊ नये. माहिती परत मिळवून देणाऱ्या संस्थेकडून आधी निदान, मग लेखी अंदाजपत्रक आणि मग संमती, असा क्रम ठेवावा. काही न मिळाल्यास शुल्क किती, हेही आधीच लिहून घ्यावे.

गोदाकाठच्या आपल्यासारख्यांनी पाण्याचा विचार विशेष करावा. सप्टेंबर २०२५ मध्येही जायकवाडीच्या मोठ्या विसर्गामुळे पैठणच्या सखल भागातील लोकांना हलवावे लागले होते. पाण्यात भिजलेली डिस्क सुरू करून पाहू नये, उन्हात वा गरम हवेने वाळवू नये. वाळताना गाळ तबकडीला चिकटतो. ती ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून तज्ज्ञांकडे न्यावी. आशा किती ठेवावी याचे एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या, ते १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या प्रवासात भंगले. त्याच्या अवशेषांत सापडलेल्या होरपळलेल्या एका हार्ड डिस्कवरील सुमारे ९९ टक्के माहिती तज्ज्ञांनी परत मिळवली, आणि त्या यानातील झेनॉन वायूच्या प्रयोगाचा शोधनिबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या उंचीवरून कोसळलेली डिस्क वाचली. आमची टेबलावर ठेवलेली डिस्क घाईने बिघडली.

गोपनीयता आणि कायदा

डिस्क दुरुस्तीला देताना आपण यंत्र देत नसतो, रुग्णांचा विश्वास दुसऱ्याच्या हाती देत असतो. ज्यांच्या हाती ती जाते त्यांच्याकडून गोपनीयतेची लेखी हमी घ्यावी आणि काम झाल्यावर त्यांच्याकडील प्रत पुसल्याची खात्री करावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाल्यापासून हा विषय केवळ नीतीचा राहिलेला नाही. फार्मसीमालकांसाठी तर नोंदी हाच पुरावा असतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील परिशिष्ट ‘टी’ प्रत्येक बॅचच्या निर्मितीची नोंद मागते. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय दिनांकापासून ७२ महिने जपावे लागतात. ‘डिस्क उघडत नाही’ हे उत्तर तपासनिसाला देऊन भागेल, या भ्रमात कोणी राहू नये.

अपुनर्भव चिकित्सा

निदानपरिवर्जन हीच श्रेष्ठ चिकित्सा. हार्ड डिस्क ही झिजणारी वस्तू आहे. ती बिघडणार हे गृहीतच धरावे. यासाठी छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जाणारा तीन-दोन-एक हा नियम सोपा आहे : माहितीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी. आपल्या व्यवसायात याचा अर्थ असा : एक प्रत चिकित्सालयाच्या संगणकावर, दुसरी घरी ठेवलेल्या हार्ड डिस्कवर, तिसरी परवलीच्या शब्दाने सुरक्षित केलेल्या क्लाउड खात्यावर. घर आणि चिकित्सालय दोन्ही नदीकाठी असतील तर एक डिस्क परगावच्या नातलगांकडे ठेवावी. दर शनिवारी प्रत घ्यावी. ती झाल्यावर डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढावी आणि संगणकाला कायम जोडून ठेवू नये, कारण खंडणीचा विषाणू आला तर जोडलेली डिस्कही त्याच्या तावडीत सापडते. तीन महिन्यांतून एकदा प्रतीतील चार फायली उघडून पाहाव्यात. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे. आणि मूळ कागद केवळ एका डिस्कच्या भरवशावर कधीही टाकू नयेत.

प्रतींचे महत्त्व पैठणकरांना नव्याने सांगण्याची वास्तविक गरज नाही. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत पुढील तीन शतकांत अशुद्ध पाठ शिरले, तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, नाथांनी त्या ग्रंथाचे शुद्धीकरण केले. ग्रंथ एकाच घरात एकाच पोथीत राहिला असता आणि ती पोथी नष्ट झाली असती, तर शुद्ध करायला काही उरलेच नसते. आपल्या शास्त्राचा अनुभवही हाच आहे. भेलसंहिता तंजावरच्या एकमेव हस्तलिखितावरून, तीही त्रुटित, आपल्या हाती आली. काश्यपसंहिता नेपाळमध्ये राजगुरू हेमराज शर्मा यांच्याकडील खंडित पोथीवरून १९३८ मध्ये मुद्रित झाली. तिची गळालेली पाने आजही मिळालेली नाहीत. ज्या संहितांच्या प्रती थोड्या, त्या अपुऱ्या राहिल्या.

त्या वृद्ध गृहस्थांची हकीगत सांगून लेख संपवतो. नोंद हाती नसल्याने मी त्यांना भल्लातकाचा कोणताही कल्प दिला नाही. सूज म्हटल्यावर पहिला संशय तोच आला. सौम्य औषधांवर चिकित्सा चालवली, गुण सावकाश आला. नावाविना पडलेल्या पानांत त्यांचे पान दोन महिन्यांनी सापडले. वडिलांनी तांबड्या शाईने समासात लिहून ठेवले होते : ‘भल्लातक — शोथ, कंडू. पुन्हा देऊ नये.’ ते पान सापडले म्हणून समाधान वाटले. परंतु जी हजार-अकराशे पाने सापडली नाहीत, त्यांच्या समासांत कोणासाठी काय लिहिलेले होते, हे आता कोणालाच कळणार नाही. वाचकांनी हा अंक मिटण्यापूर्वी आपल्या डिस्कची दुसरी प्रत कोठे आहे, याचा एकदा विचार करावा, आणि ती नसेल तर आजच करावी, अशी नम्र विनंती आहे.